ॲम्प्लिफायर कोणी दुरुस्त केला

प्रिय धाकट्या,

फोनवर तू घाईत असतोस आणि मी रडवेली होते, म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच, मध्येच नाक मुरडू नकोस.

बाबांचा ॲम्प्लिफायर तीन महिन्यांपूर्वी बंद पडला. त्यांनी स्वतः जुळवलेला, ज्यावर गाणी लागल्याशिवाय त्यांना सकाळचा चहा गोड लागत नाही, तोच. रेडिओ दुरुस्तीचं दुकान बंद केल्यावर घरी आणलेल्या टेबलावर त्यांनी तो लगेच घेतला, पण हात आता थरथरतात आणि डोळ्यांचं तर विचारूच नकोस. सोल्डरिंग करताना दोनदा बोट भाजलं, तिसऱ्यांदा आतलं काहीतरी उचकटलं. मग ते टेबलाशी नुसते बसून राहायला लागले. तू पाठवलेला नवीन सेट मी माझ्या नावावर खपवला, तरी खोका पलंगाखाली तसाच पडून राहिला. ज्या माणसाने 'नवीन घ्या' या दोन शब्दांवरून तुला दुकानातून घालवलं, तो स्वतः नवीन कसा घेईल?

तो दिवस मला चांगला आठवतो. मी डबा घेऊन आले होते. काउंटरवर रेडिओ ठेवून गिऱ्हाईक उभं होतं आणि तू सरळ सांगितलंस, यात आता राम नाही, नवीन घ्या. बाबा त्याच्यासमोरच म्हणाले, याचा हात बसलेला नाही, म्हणून हा लोकांना नवीन घ्यायला सांगतो. मग तीन तास खपून त्यांनी तो रेडिओ वाजवून दाखवला, आणि तू सायकल घेऊन निघून गेलास. महिन्याभरात तो रेडिओ परत आला, कायमचा बंद पडून. हे मी तुला कधी सांगितलं नाही, त्याबद्दल हवं तर रागाव. अकरा वर्षं तुम्ही दोघं हट्टाला पेटलात आणि मी मध्ये निरोप पोचवत बसले.

गेल्या महिन्यात न राहवून मी एक उद्योग केला. बाबा शेजाऱ्यांबरोबर डोळे तपासायला गेले होते. मी ॲम्प्लिफायर भाजीच्या पिशवीत घातला आणि बाजारातल्या एका मेकॅनिककडे नेला. त्याने तासाभरात करून दिला. म्हटलं, वाजला की बाबा खूश होतील, खोलात शिरणार नाहीत. माझाच शहाणपणा. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी बटण दाबलं, आवाज आला, आणि त्यांनी लगेच तो बंद केला. चार स्क्रू काढायला त्यांना अर्धा तास लागला. मग भिंग लावून सोल्डरिंग बघत राहिले. हे आपल्या हातचं काम नाही, हे त्यांनी ओळखलं. आणि त्या ॲम्प्लिफायरला आजवर त्यांच्याशिवाय फक्त तुझाच हात लागलेला. "कधी येऊन गेला तो?" त्यांनी विचारलं. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तोंडातून "काल" निघून गेलं होतं.

"मी घरी नसताना आला," एवढंच म्हणाले. मग स्क्रू परत लावता लावता, "छान हात बसलाय त्याचा. मीच चुकलो होतो." अकरा वर्षं ज्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते वाक्य त्यांनी एका परक्या माणसाच्या कामाकडे बघून म्हटलं. खरं सांगायला माझी जीभ रेटेना.

आता त्यांनी टेबल आवरलंय, अर्धं तुझ्यासाठी मोकळं ठेवलंय. नवीन सेटचा खोकाही पलंगाखालून बाहेर काढलाय. तो आला की त्यालाच लावू दे, म्हणतात. दार कोणी वाजवलं की माझ्याआधी उठतात.

डोळ्यांच्या त्या तपासणीचे रिपोर्ट घ्यायला मी एकटी गेले होते. डॉक्टर म्हणाले, उरलेली नजर फार तर सहा महिने टिकेल. बाबांना मी हे सांगितलेलं नाही. आल्यावर खरं सांगायचं की माझं खोटं निभावून न्यायचं, ते तू ठरव, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण परक्याचं काम त्यांना तुझं वाटलं, रे. तुझा चेहरा त्यांना ओळखता येतोय तोवर ये.

तुझीच, जन्मात पहिल्यांदा हट्ट धरणारी,
ताई