बंद नळाचा आवाज

४ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. सूनबाईलाही. तिला वेगळं पत्र लिहीत नाही, कारण तुला आलेलं ती आधी वाचते हे मला ठाऊक आहे.

माझी तब्येत ठणठणीत आहे. पत्र लिहायला बसले ते फोनमुळे. हल्ली त्या यंत्रात काहीतरी बिघडलंय, तू जाड पांघरुणाआडून बोलल्यासारखा वाटतोस. शिवाय परवा मी बोलत होते ते तूही ऐकत नव्हतास. कागदावरचं बोलणं निदान मधेच तोडता येत नाही.

तर मुद्द्याचं. स्वयंपाकघराच्या भिंतीत पाणी वाहतंय. बारीक, एकसुरी, सूं करून. गेल्या खेपेला तू त्या भिंतीवरून हात फिरवलास, "आई, कोरडी आहे गं" म्हणालास आणि सूनबाईकडे पाहिलंस. ते पाहणं मला दिसलं. मग जेवताना उतू गेलेल्या दुधाचा विषय निघाला, विसरलेल्या किल्लीचा निघाला, आणि शेवटी तुमच्या मागच्या खोलीचा. खोली चांगली आहे, पडदेही लावलेत म्हणे. पण ती तुमच्या घरात आहे आणि मला माझ्या घरात राहायचंय.

माझी नोकरी आठवते ना? टेलिफोन एक्सचेंजमध्ये हेडफोन लावून जन्म गेला. पलीकडचा ऑपरेटर कोण आहे ते मी त्याच्या खोकल्यावरून सांगायचे. लाइनवर खरखर आली की साहेब आधी मला ऐकायला बसवायचे आणि मग माणूस पाठवायचे. त्या कानांना आता भास होतात म्हणतोस.

म्हणून पैज लावते. भिंत तपासून घेते. गळती निघाली नाही तर सामान बांधून मुकाट्याने मागच्या खोलीत येते. निघाली तर त्या खोलीचं नाव पुन्हा काढायचं नाही. सूनबाई साक्षीदार.

तुझी
आई


१३ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. पैज मंजूर असल्याचं तुझं पत्र मिळालं. "मंजूर"च्या खाली सूनबाईने हसरा चेहरा काढलाय. कोणाच्या बाजूने हसतेय ते विचार तिला.

आता कामाचं ऐक. घरातले सगळे नळ घट्ट बंद केले आणि स्टूल घेऊन फाटकाजवळच्या मीटरपुढे बसले. काचेआड एक छोटा लाल काटा असतो. घरात कुठे थेंबभर पाणी वापरात नसताना तो फिरत होता. अगदी आळशासारखा, पण फिरत होता. रस्त्याने जाणारे माझ्याकडे बघत होते. बघू देत म्हटलं.

पण गळती आहे एवढं पुरत नाही, कुठे आहे ते दाखवायला हवं. आधी फ्लशवर संशय घेतला. टाकीत खायचा लाल रंग ओतला आणि भांड्याला हात न लावता वाट पाहिली. पाणी पांढरं स्वच्छ. फ्लश सुटला. मग न्हाणीघराकडे जाणारा कॉक बंद केला, तरी काटा फिरतोच. मग स्वयंपाकघराचा कॉक आवळला. तो गंजलेला होता, फडकं गुंडाळून दोन्ही हातांनी पिळला. बाहेर येऊन पाहते तर काटा थांबलेला. त्या स्टुलावर बसून मी एकटीच हसले, बाळ्या.

सिंकखालचं कपाट रिकामं केलं. आत डोकं घातल्याबरोबर कुबट वास आला. मागची फळी फुगून पापडी धरली होती, आणि तिच्यामागची भिंत हाताला गार लागली. तू हात फिरवलास तो वर, टाइल्सवर. टाइल्स तर कोरड्याच असणार.

प्लंबर आला तो बोलघेवडा. आल्या आल्या म्हणाला, "बाहेरून ओल येतेय आजी, रंग मारून घ्या, जाईल." मी त्याला मीटरपाशी नेलं आणि कॉक उघडून-बंद करून काट्याचा खेळ दाखवला. मग मात्र तो गाडीकडे गेला आणि ऐकायचं यंत्र घेऊन आला. भिंतीला एक टोक लावायचं आणि कानाला हेडफोन. हेडफोन पाहून मला कोण आनंद झाला! मीही लावून पाहिला. असो.

त्याने खडूने फुली मारली, छिन्नी लावली. दोन टाइल्स फुटल्या. आत पाइपचा कोपऱ्यातला जोड केसाएवढा तडकलेला आणि त्यातून पाण्याचा बारीक फवारा. आजूबाजूची सगळी वीट भिजून काळी. आणखी वर्षभर तशीच राहिली असती तर ओटा खाली बसला असता, असं तोच म्हणाला. आणखीही काही म्हणाला, ते महत्त्वाचं नाही.

जोड बदलला. काटा थांबला. पैज जिंकले. पडदे काढून धुवायला टाका.

तुझी
आई


२१ फेब्रुवारी

चि. बाळ्यास,

आशीर्वाद. तुझं अभिनंदनाचं पत्र आलं. "आई, मी चुकलो" असं तू लिहिलंस, ते दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचवेना, म्हणून हे लिहितेय.

भिंत वाळतेय. कपाट उन्हात ठेवलंय. मीटरचा काटा जागचा हलत नाही, मी सकाळ-संध्याकाळ बघून येते. आणि आवाज अजून येतोय.

प्लंबर काय म्हणाला ते आता सांगते. फवारा बघून मी त्याला म्हटलं, "ऐकलंत? मी सांगत होते ना." तर तो म्हणाला, "आजी, हा एवढासा आवाज नुसत्या कानाला येत नाही. मला पण नाही आला. म्हणून तर यंत्र आणलं." मला राग आला. बाकी हेडफोनचं मी तुला "असो" म्हणून टाळलं होतं. उजवीकडे सूं स्पष्ट ऐकू आलं. डावीकडे यंत्रातून काहीच आलं नाही, तिथे फक्त माझं रोजचंच सूं चालू होतं. एक बाजू बिघडलीये म्हणून मी त्याला सांगितलं. त्याने कानाला लावून पाहिलं आणि नरमाईने म्हणाला, "चांगली आहे हो."

मी डावीकडच्याच कानाने फोन घेते. नोकरीतही हेडफोन नसेल तेव्हा रिसीव्हर डावीकडेच धरायचे, उजवा हात लिहायला मोकळा राहायचा.

बाळ्या, मी घाबरले. खरं तर तू सूनबाईकडे पाहिलंस तेव्हाच घाबरले होते. म्हणून तर एवढी कंबर कसली. गळती सापडली तेव्हा वाटलं, सुटले, माझं डोकं शाबूत आहे. आणि ओली वीट समोर असताना तो प्लंबर असं बोलून बसला.

मग म्हटलं, भिंतीची गळती शोधली तशीच हीही शोधायची. एकेक कॉक बंद करत जायचं. बागेत जाऊन बसले, आवाज होता. पोस्टाच्या रांगेत होता. दोन्ही कानांत कापूस घातला, जग बंद झालं, तो सुरूच. उशीवर कधी हा कान दाबला, कधी तो. डावीकडेच आहे. भिंतीत नाही, घरात नाही, डाव्या कानात आहे. त्या आवाजात कोणाचे शब्द ऐकू येत नाहीत, माझं नाव कोणी घेत नाही, मी काही विसरतही नाही. दूध उतू गेलं ते मला गॅसवरचं फसफसणं ऐकू आलं नाही म्हणून. किल्ली मात्र खरंच विसरले होते, ती तर तूही विसरतोस.

पैजेच्या शब्दांप्रमाणे मी जिंकलेय आणि हे लपवलं असतं तर तुला कधीच कळलं नसतं. पण तू "मी चुकलो" लिहिलंस, आणि तू पुरता चुकला नव्हतास. ते अर्धं माझ्याकडे ठेवून या घरात मला झोप लागणार नाही.

तेव्हा असं करायचं. तुमच्याकडच्या कानाच्या डॉक्टरची वेळ घे. ते लावतील ते यंत्र कानाला लावीन, गोळ्या देतील त्या घेईन. कानापलीकडे काही आहे म्हणाले तर तेही ऐकून घेईन, उजव्या कानाने. तोवर मागच्या खोलीत राहीन. पडदे धुतले असतील तर परत लाव.

मात्र घराची किल्ली माझ्याच पिशवीत राहील. नव्या टाइल्स बसवायच्या आहेत आणि त्या मला माझ्या डोळ्यांदेखत बसवून घ्यायच्या आहेत. म्हणून येण्याचं तिकीट काढण्याआधी परतीचं काढ.

एका कानाने कमी, पण पूर्ण शुद्धीवर असलेली,
तुझी आई