अस्थिबंदी

३ एप्रिल २०२४, वारजे
आजपासून या तलावाची पाणी तपासनीस मी! काठावर दोन खोल्यांचं क्वार्टर, समोर टेकडी, खिडकीतून मस्त वारा. कोथरूडचा फ्लॅट सुटला म्हणून तेजस आठवडाभर कुरकुरत होता. गॅलरीत चहा हातात दिला आणि नवरोबा गप्प. खटकतं ते एकच, तलाव शेवाळाने गच्च हिरवा. आमच्या नळाला पाणी याचंच, गाळून.

९ एप्रिल
ऊन भरपूर, पाणी कोमट, नायट्रोजन हवा तेवढा. शेवाळाला कमी पडू शकतो तो फक्त फॉस्फरस. तेवढा तोडला की वाढ थांबते. साहेबांना तीनदा समजावलं. म्हणाले, मॅडम, शेवाळ मारायला मोरचूद टाका, फोटो काढा, पाठवा.
शेती नाही, सांडपाणी नाही, मग फॉस्फरस येतो कुठून? आज कळलं. आसपासची गावं पिढ्यान्‌पिढ्या इथल्या घाटावर अस्थी सोडतात. हाडांत फॉस्फरसच फॉस्फरस.

१५ एप्रिल
माझ्या सहीने घाटाला कुलूप लागलं. पहारेकरी कचरू हात जोडून म्हणाला, मॅडम, तळ्याला देतोय म्हणून ते गप हाय, बंद नका करू. तासभर त्याला फॉस्फरस समजावला. त्याने मान हलवली आणि पुन्हा तेच म्हणाला. डोकं आपटायचं तरी कुठे!

२ मे
पाण्यात फॉस्फरस जवळजवळ शून्य. शेवाळ मरायला हवं. उलट काठ चढून आमच्या नळाच्या तोंडाशी आलंय. नमुने बदलले, उपकरण बदललं, आकडा तोच. साहेब म्हणतात, आपलं संशोधन आपल्याजवळच ठेवा. वैताग आलाय नुसता.

११ मे
जेवताना तेजसची दाढ निखळून ताटात पडली. रक्ताचा थेंब नाही. डॉक्टर म्हणे कॅल्शियम घ्या.

१९ मे
स्कूटर स्टँडला लावताना तेजसची नडगी मोडली. एक्स-रेत हाडं धुरकट, जेमतेम दिसतात. घरी येऊन नळावरचं शेवाळ तपासलं. फॉस्फरसने भरलेलं. पाण्यात नाही, मग याला मिळाला कुठून —
पाण्याच्या बाटल्या आणल्या. फार उशिरा.

२२ मे
घाट उघडा म्हणून साहेबांच्या पाया पडायची बाकी राहिले. लेखी कारण द्या म्हणाले. काय लिहू? माझ्या सहीने लागलेलं कुलूप माझ्या सहीने उघडत नाही!

२६ मे
तेजस गेला.
कचरूने कुलूप फोडलं. म्हणाला, आता तुमच्या माणसाच्या अस्थी द्या, तळं निवंल. मी हो म्हटलं. मीच म्हटलं.

२८ मे
राख सावडायला गेलो. गुरुजींनी चाळली. परत चाळली. मग कचरूने, मग मी, दोन्ही हातांनी —
एक हाड नाही. दात नाही. नुसती राख.
शेवाळ उंबऱ्यावर आलंय. द्यायला काहीच — घरात हाडं उरलीत ती माझीच —
पेन धरलेलं बोट मागे वाकलंय. दुखत नाही. घाटापर्यंत चालत जाता आलं तर मी