माझ्यासाठी ऐकणारे दिवे

रविवार
आले एकदाची! तीन खोल्या, स्वयंपाकघर, आणि दाराला आतून माझीच कडी. दादाने सामान वर चढवलं, पण तोंड पाडूनच. बहिऱ्या बाईने एकटं राहू नये, हे त्याचं ठरलेलं पालुपद. सात वर्षांची असताना तापात माझे कान गेले, तेव्हापासून मी ओठ वाचते. म्हणून तो हल्ली भिंतीकडे तोंड करून कुरकुरतो. मी सांगून टाकलं, या घराला मी कान बसवणार आहे.

मंगळवार
बसवले! प्रत्येक खोलीत एक माइक, भिंतीवर एलईडीची पट्टी आणि सगळ्यांच्या मध्ये, आवाज मोजून पट्ट्या पेटवणारा, काडेपेटीपेक्षा लहान मायक्रोकंट्रोलर. बारीक आवाजाला पट्टी निळी, मोठ्याला लाल. किटली उकळली की स्वयंपाकघर निळं थरथरतं. पातेल्याचं झाकण मुद्दाम पाडलं, पुन्हा पाडलं. खालच्या शिवणकामवाल्या काकू धावत वर आल्या. त्यांचंच बोलणं त्यांना भिंतीवर दाखवलं. आधी लाजल्या, मग चक्क गायला लागल्या.

गुरुवार
दुपारी मधली खोली निळी झाली. खिडक्या बंद, पंखा बंद. वायर सैल असेल म्हणून सगळे जोड पुन्हा पक्के केले, माइक बदलला. तरी निळी. सलग नाही. चढते, उतरते, थांबते, पुन्हा चढते. काकू बोलत होत्या तेव्हा अशीच हलत होती.
त्या खोलीत कोणीतरी बोलतंय.

शुक्रवार
दादाला बोलावलं. खोलीच्या मधोमध कान देऊन उभा राहिला. म्हणाला, काहीच ऐकू येत नाही गं. तो गप्प झाला तरी पट्टी हलतच होती. मग म्हणाला, तुझं यंत्र बिघडलंय, घरी चल. मी माइकवर बोट दाबून धरलं. पट्टी विझली. बोट काढलं, पेटली. म्हणजे यंत्र ठीक, आवाज खरा. दादाचा चेहरा पांढराफटक. बॅग भर, आत्ताच्या आत्ता, म्हणाला. मी त्यालाच जिन्यापर्यंत सोडून आले.

शनिवार
सकाळपासून लाल. ओरडतंय. मला हसूच फुटलं. ओरडायला घर निवडलं, तेही बहिरीचं! भिंतीसमोर उभी राहून सांगितलं, घसा फोडून घे, माझं काही जात नाही.
पट्टी विझली.
मग माझ्या झोपायच्या खोलीतली पेटली.

रविवार
दादाचा मेसेज, न्यायला येतो. नको म्हणून कळवलं. पट्ट्या सगळ्या विझलेल्या. यंत्र बंद पडलं का? टाळी वाजवली— लाल. चालू आहे. म्हणजे ते गप्प बसलंय. जिंकले, वाटलं. पण मानेवर कोणाचा तरी श्वास—
वळून पाहिलं. कोणी नाही. इथेच झोपणार.

सोमवार
पट्ट्या काळ्या. तरी ऐकू येतंय. मला. माझ्या कानात. इतक्या वर्षांनी पहिला आवाज, आणि तो हा—
नीघ, म्हणतंय.
मी ओरडले. पट्टी लाल झाली. माझा आवाज मला ऐकू आला नाही. फक्त त्याचा.
खुर्ची घट्ट धरलीय. उठणार नाही.
आता अगदी जवळ— नीघ, नीघ—
घर माझं आहे. तूच नी