धुतलेलं वल्हं

ती. स्व. आत्याबाईंना,
आपल्या भाचेजावयाचा साष्टांग नमस्कार.

आपला गुडघा कसा आहे? मागे आपण आपल्या भाचीला कळवलं होतं, की डावा आता बरा आहे, पण उजव्यानं बोलायला सुरुवात केली आहे. दोघंही गप्प असोत. इकडे सगळे मजेत आहेत. (सगळे म्हणजे मी सोडून, पण ते ओघानं येईलच.) लग्नाला सहा वर्षं झाली, तेवढ्या काळात या माणसानं एक ओळ धाडली नाही आणि आज चार पानं का खरडतोय, असं आपल्या मनात येईल. काही काम नाही. सहज आठवण झाली. आपण लग्नालाही आला नव्हता, तेव्हा नेमकी कसली आठवण झाली, असं कृपा करून विचारू नये.

चार महिन्यांपूर्वी मी दातांच्या दवाखान्यातली नोकरी सोडून सासरेबुवांच्या बिअरच्या कारखान्यात रुजू झालो, हे आपल्या कानावर आलं असेल. दवाखान्यात चिमटे, आरसे नि सुया उकळून निर्जंतुक करण्याचं खातं माझ्याकडे होतं. बारा वर्षांत माझ्या हातून एक जंतू जिवंत सुटला नाही. हे मी प्रौढीनं सांगत नाही, कबुलीजबाब म्हणून सांगतोय.

तर झालं असं, की वाचनालयवाल्यांनी आपल्या कारखान्यात बिअरच्या इतिहासाचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आणि पाट्या लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी पाच जाडजूड पुस्तकं वाचली आणि त्यानंतर घरात कुणाला सुखानं जेवू दिलं नाही. आपल्यालाही सोडत नाही. हजारो वर्षांपूर्वी दोन नद्यांच्या मधल्या मुलखात लोक एका मडक्याभोवती बसून लांब नळ्यांनी बिअर ओढायचे, कारण वर सगळा कोंडा तरंगत असायचा. (हे मी भर जेवणात करून दाखवलं. मडक्याऐवजी सूपचं पातेलं होतं. नळी बागेतली होती.) पिरॅमिड बांधणाऱ्यांना मजुरीत पावाबरोबर बिअर मिळायची. पुढे कित्येक शतकं बिअर करणं हे बायकांचं घरकाम होतं; पिंप तयार झालं, की दाराबाहेर काठीला झाडू बांधायचा, म्हणजे तहानलेल्यांना बरोबर कळायचं. मग त्यात नफा दिसला आणि पुरुषांना एकाएकी त्या घरकामाची गोडी लागली. (ही पाटी वाचून सासरेबुवा बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. मग म्हणाले, ताईला, म्हणजे आपल्याला, आवडली असती.) मग हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं आली आणि बिअर टिकायला लागली. मग एका सत्ताधीशानं फर्मान काढलं, की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी, याखेरीज काही पडता कामा नये. गंमत बघा, जिच्याशिवाय बिअर होतच नाही, त्या यीस्टचं त्यात नावच नाही! कारण ती आहे, हेच कुणाला माहीत नव्हतं. ती बिचारी पिंपाच्या फटीत नाहीतर ढवळायच्या लाकडात बसून सगळं काम करायची आणि श्रेय दुसरेच घ्यायचे. ही माहिती मला पाचव्या पुस्तकात मिळाली. दुर्दैवानं पिंप ढवळायचं वल्हं मी चौथ्या पुस्तकानंतर धुतलं.

त्या वल्ह्याबद्दल मी आपल्याला काय सांगावं! आपल्या वडिलांनी एकाच ओंडक्यातून दोन काढली होती, एक आपल्याला, एक सासरेबुवांना. अकरा वर्षांपूर्वी त्या स्टीलच्या टाक्या आणण्यावरून बहीणभावांचं वाजलं आणि आपण आपलं वल्हं खांद्यावर टाकून जे निघालात, ते पुन्हा इथली पायरी चढला नाहीत. टाक्यांमधली रोजची बिअर पाकिटातल्या यीस्टवर होते. पण कोपऱ्यातल्या जुन्या लाकडी पिंपात सासरेबुवा वर्षातून एकदा वडिलांच्या पद्धतीनं बिअर करतात. वरून काही घालायचं नाही, नुसतं त्या वल्ह्यानं ढवळायचं. प्रदर्शनाच्या पाहुण्यांना हीच द्यायची, असा त्यांचा बेत होता. मी वल्हं पाहिलं. काळंकुट्ट, चिकट, आंबूस वासाचं. पाहुण्यांपुढे हे? सासरेबुवा बाहेर गेले होते. मी ते सोड्यानं घासलं, दोन तास उकळलं, उन्हात ठेवलं, वर पॉलिश पेपर मारला. (व्हार्निशचा डबाही आणला होता, पण तोवर हात दुखायला लागले.)

पिंप जवाच्या गोड पाण्यानं भरलं, ढवळलंही मीच. एरवी म्हणे दुसऱ्या दिवशी वर फेस येतो. मी चार दिवस पिंपाला कान लावून बसलो. आवाज आला तो माझ्याच पोटातला. शेवटी ते गोड पाणी नासलं आणि ओतून द्यावं लागलं. मी सगळं कबूल केलं. सासरेबुवांनी वल्हं नाकाशी नेलं, हुंगलं आणि जागेवर ठेवलं. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं. जेवताना फक्त एवढंच म्हणाले, की आता ताईकडचं तेवढं उरलं, आणि पिंप आंबणार नसेल तर कापून त्याच्या कुंड्या करू. मग त्यांनी दुसऱ्यांदा सूप मागून घेतलं. या घराच्या काही उपयोगी पडावं म्हणून मी आलो आणि तीन पिढ्यांची बिअर एका दुपारी स्वच्छ करून टाकली. फार वाईट वाटतंय.

असो. प्रकृतीला जपावं. गुडघ्यांना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
भाचेजावई

ता. क. : आपल्याकडचं वल्हं अजून असेल, तर थोड्या दिवसांसाठी मिळेल का? प्रदर्शनाला तीन आठवडे आहेत. मी स्वतः न्यायला येईन.

ता. क. २ : ते धुऊ नये. पुसूही नये. कोळिष्टकं असतील तर त्यांच्यासकट द्यावं.

ता. क. ३ : यातलं सासरेबुवांना काही कळू देऊ नये.

ताई, अक्षर ओळखलंस ना? पत्र टाकून येतो म्हणून जावयाकडून घेतलं आणि किटलीच्या वाफेवर पाकीट उघडलं. पोरगा भोळा आहे, पण मनाचा चांगला आहे. यीस्टची काळजी करू नकोस. दर वर्षी पिंपावरचा थोडा फेस मी बरणीत काढून ठेवतो, तूच शिकवलं होतंस. बरणी फ्रीजमध्ये आहे, वर ‘उंदराचं औषध’ अशी चिठ्ठी लावून, नाहीतर यानं तीही उकळली असती. (उंदराचं औषध फ्रीजमध्ये कशाला, हे अजून एकानंही विचारलेलं नाही.) त्याला बोललो नाही, कारण तो तुला लिहील अशी आशा होती. मला अकरा वर्षांत चार ओळी लिहायला जमलं नाही. तुझी फार आठवण येते. टाक्यांबद्दल तू म्हणाली होतीस, त्यातलं निम्मं खरं निघालं. उरलेल्या निम्म्यावर भांडायला ये. वल्हं राहिलं तरी चालेल.
— लहान्या