भाटकाराचा श्रावण

२ ऑगस्ट २००८, डिचोली

श्रावण लागला. सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, शेवटची पुडी परवाच संपवली. आता चतुर्थी होईपर्यंत या घरात मासळी नाही — हे मी आमच्या ह्यांना सांगितलं आणि काचेतल्या त्या भाटकारालाही सांगितलं!

खाणीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेली माणसं देवळाच्या कमिटीत शिरतात. आमच्या ह्यांनी वसरीवर खाऱ्या पाण्याची टाकी मांडली. प्रवाळाचे दगड, दिवे, पंप. भाटकार म्हणजे तिच्यातला बोटभर रॅस मासा. दिसतो वाळक्या शेवाळासारखा, पण थाट जमीनदाराचा, म्हणून हे नाव. दगड उलथतो, खालचे खेकडे-गोगलगायी मटकावतो आणि दिवस मावळला की वाळूत शिरून झोपतो. पहिल्या दिवशी मला वाटलं मेला! हळहळले. सकाळी वाळूतून हे डोकं वर!

टाकीत माझा म्हणून एकच जीव आहे. लाल पाठीवर पांढरा पट्टा असलेलं सुंगट. नवरीसारखं नटलेलं, म्हणून नाव व्हंकल. काचेला बोट लावलं की मिशा हलवत येते.

६ ऑगस्ट

नागपंचमी. पातोळ्या छान झाल्या. भाटकार दुकानातल्या कोरड्या गोळ्यांना तोंड लावत नाही.

"उपाशी मरतलो गो तो," हे म्हणाले.

"ताकाय पाळूं दी श्रावण!"

दोघंही हसत सुटलो. हे तर डोळे पुसेपर्यंत.

१० ऑगस्ट

खाल्लं मेल्यानं! माझ्या व्हंकलला खाल्लं!

सकाळी टाकीच्या तळाशी रिकामं साल. मिशांसकट, पायांसकट, आत काही नाही. जन्मभर सुंगटं सोलली आहेत मी. खाऊन टाकलेलं साल मला ओळखता येणार नाही?

"ताणें खाऊंक ना, अशें दिसता म्हाका," हे म्हणाले.

"मागीर कोणें? तुमी?"

रडलेच मी. म्हटलं, आजच्या आज म्हापशाच्या दुकानात परत देऊन या. ह्यांनी गाळणीनं त्याला धरला, बालदीत घातला, वर झाकण ठेवलं आणि छत्री घेऊन गेले. भांडले असते तर बरं वाटलं असतं.

१२ ऑगस्ट

ह्यांनी पत्ते सुरू केलेत! शेजारच्या भिकाजीकडे, रोज संध्याकाळी सहाला. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाच्या हातात पत्ता पाहिला नाही. टाकीकडे मात्र ढुंकून बघत नाहीत. जाता जाता माझा कपड्यांचा मोठा टबही नेला. भिकाजीचं छप्पर गळतं म्हणे.

१४ ऑगस्ट

हाताला सुंगटांचा वास! श्रावणात!

हे आरामखुर्चीत डुलक्या काढत होते, तेव्हा नाक लावून खात्री केली. म्हणजे भिकाजीकडे पत्त्यांबरोबर तळणही चालतं तर. कान उपटावेत असं वाटलं. मग वाटलं, जाऊ दे. मासा गेल्यापासून घरात हसलेत कुठे? कुठेतरी हसत असतील.

१६ ऑगस्ट

नारळी पौर्णिमा. हे देवळात गेले होते. मी टाकीची काच पुसत होते, नुसती सवय म्हणून. आणि मागच्या दगडाआडून — व्हंकल!

जिवंत! आधीपेक्षा मोठी, आधीपेक्षा लाल! बोट लावलं तर मिशा हलवत आली. मी एकटीच टाळ्या पिटत उभी.

म्हापशाच्या दुकानाला फोन लावला. दुकानदार हसायला लागला. सुंगटं वाढताना अख्खं साल टाकतात, नवं साल कडक होईपर्यंत दडून बसतात. म्हणजे बिचारा भाटकार निर्दोष! आणि शिक्षा सुनावणारी मी, सुंगटांची जाणकार! लाज वाटली, खरंच वाटली. म्हटलं, आमचा मासा विकू नका, मी आत्ता बस धरते.

"खंयचो मासो, मावशी? आमगेर कोणूच मासो घेवन येवंक ना."

फोन ठेवला. म्हणजे ह्यांनी मासा दुकानात नेलाच नव्हता. पत्ते, टब, हाताचा वास...



१७ ऑगस्ट

सकाळी बाजारात गेले. मासळीवाली चंद्रावती तोंडावर पदर घेऊन म्हणाली, "वयनी, श्रावणांत?"

सहा वाजले. "वचून येतां, पत्ते खेळून," म्हणत ह्यांनी चपला घातल्या. मी सोललेल्या सुंगटांची पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि म्हटलं, "भाटकाराला खायला घाला आणि टबासकट घरी घेऊन या. व्हंकल वाट बघतेय."