एक मत कमी

पाइक लेक, मिशिगन
रविवार, १७ नोव्हेंबर

प्रिय आर्विड,

मोठ्या बहिणीचे आशीर्वाद. शिकारीच्या कॅम्पवर सगळे धडधाकट असाल आणि एव्हाना कुणाला तरी हरीण मिळालं असेल. इथे काल घोट्यापर्यंत बर्फ पडलं. आईची तब्येत बरी आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

तिथे तुझा फोन लागत नाही, आणि लागला असता तरी तू उचलला नसतास, हे का मला ठाऊक नाही? तुझा शिकारीतला जोडीदार वेल्डन दुपारी तुमच्यासाठी पास्ट्या, त्या खिम्याच्या भाजलेल्या करंज्या, घेऊन निघतोय, त्याच्या हाती हे पत्र देते. पास्ट्या आईने केल्यात. म्हणजे सारण तिने केलं, मीठ मी घातलं, नाहीतर तिने दोनदा घातलं असतं.

शुक्रवारचं बोलू. शिकारीच्या मोसमाची पहिली सकाळ सोडून तू आमच्या काउंटीच्या मतमोजणी पडताळणी मंडळाच्या बैठकीला आलास, तेव्हाच मी ओळखलं, आज काही खरं नाही. लहानपणी अंगात ताप असतानाही तू ती सकाळ चुकवली नव्हतीस. मंडळात माणसं चार, दोन आपल्या पक्षाची, दोन त्यांच्या. पक्षाचा काउंटी अध्यक्ष म्हणून तूच मला तिथे बसवलंस. तुला वाटलं असणार, सिल्विया काय, घरचीच आहे, सांगू तसं करेल.

"हे केंद्रच बाद करा!" तू टेबलावर हात आपटलास. आपल्याच टाउनशिपचं केंद्र, आपल्याच शेजाऱ्यांची मतं! सही केलेले मतदार आणि पेटीतल्या मतपत्रिका यांचा मेळ बसत नाही, एक मतपत्रिका कमी, म्हणजे कुणीतरी पेटीत हात घातला. "एक चोरी दिसली, न दिसलेल्या किती असतील?" असं तू विचारलंस आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. विधानसभेची जागा आपण अगदी थोडक्यात घालवली, मला माहीत आहे. आपल्या उमेदवारासाठी तू उन्हाळाभर दारोदार फिरलास. अरे, वाईट मलाही वाटतं. मीही त्यालाच मत दिलं होतं.

पण पेटीपाशी कोण बसलं होतं, आर्विड? कार्ला. बाबांच्या शेवटच्या आजारपणात न सांगता येऊन आपल्या दारातलं बर्फ उपसणारी कार्ला. तू 'चोर' म्हणालास तेव्हा ती कोट न घालताच बाहेर निघून गेली. मी कोट घेऊन मागे गेले तर म्हणाली, "पुढच्या वेळी मी बसणार नाही गं. दुसरं कुणी बघा." दुसरं कोण आहे तिथे बसायला, सांग ना. अशी माणसं घरी बसली की निवडणूक काय तू आणि वेल्डन घेणार?

जाताना तू मला टोमणा मारलास. "मंगळवारच्या बैठकीत निकालावर सही केलीस, तर तू नुसता रबरी शिक्का!" नाकाला मिरच्या झोंबल्या माझ्या. पण दोन दिवस विचार केला आणि म्हटलं, हो बाबा, आहे मी शिक्का. राज्यातल्या लोकांनी मत देऊन घटनेत तसं लिहून घेतलंय: मंडळाने बेरीज तपासायची, फरक असेल तर नोंदवायचा आणि सही करायची. त्यापुढे शंका असेल तर फेरमोजणी आहे, कोर्ट आहे. हा बदल आला तेव्हा मला अपमान वाटला होता. आता वाटतं, बरं झालं. चार जणांच्या मर्जीवर सगळ्या काउंटीचं मत टांगून ठेवायचं म्हणजे काय पोरखेळ आहे? उद्या त्यांच्याकडचे दोघे अडून बसले तर तू आकाशपाताळ एक करशील. नको असलेल्या निकालावर सही करता येणं, एवढीच या खुर्चीसाठी लायकी लागते. मी मंगळवारी सही करणार आहे.

पत्र शेगडीत टाकायला हात गेला असेल तर थांब. खरं सांगायचं ते अजून सांगितलेलंच नाही. मघापासून मी नुसती कडेकडेने चालतेय.

आज चर्चहून आल्यावर आईने माझ्याकडे पोस्टाचं तिकीट मागितलं.

"कशाला गं?"

"मत टाकायचंय ना. राहूनच गेलं."

आणि तिने पर्समधून मतपत्रिका काढली. पुठ्ठ्याच्या कव्हरात, नीट भरलेली.

मागची काही वर्षं ती पोस्टाने मत द्यायची, आठवतं? स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, चष्मा पुसून, शेजारी कॉफी. यंदा तू तिच्या मागे लागलास, "पोस्टात घोटाळे होतात आई, केंद्रावर जाऊनच दे." लेक म्हणाला म्हणून गेली, चांगला कोट घालून. सही केली, मतपत्रिका घेतली आणि सवयीप्रमाणे निवांत भरायला घरी घेऊन आली. दारात चर्चच्या बायका वेलचीचा पाव विकत होत्या, गर्दी होती, कुणाचं लक्ष जाणार? मी बाहेर गाडीत होते. ती पाव घेऊन आली आणि मी गाडी सुरू केली.

पेटीत कुणी हात घातला नाही, आर्विड. कमी पडलेलं मत आपल्या आईचं आहे.

ती विसरायला लागलीय. तुला फोनवर कळत नाही, कारण फोनवर ती "सगळं छान" एवढंच म्हणते. उन्हाळ्यापासून तुला सांगायचं मी टाळतेय. एकटीला फार भीती वाटते रे.

मी तिला सगळं समजावलं तेव्हा ती चष्मा पुसत राहिली. मला वाटलं, डोक्यावरून गेलं. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यामुळे कार्लाला चोर म्हणाले?"

"हो."

"कोण म्हणालं?"

मी कप विसळायला उठले. तिला कळलं.

मी म्हटलं, आपण निवडणुकीचं काम बघणाऱ्या क्लार्कबाईंना बाजूला घेऊन सांगू, चारचौघांत तुझं नाव नको. तर माझ्यावरच उखडली. "बाजूला कशाला? ओरडले चारचौघांत, तर मीही चारचौघांतच सांगेन. माझ्या विसरभोळेपणापायी गावाची मतं फेकून देणार? मंगळवारी मला घेऊन चल."

"लोक हसतील गं, आई."

"हसू देत. तुझ्या बाबांच्या नाचाला लोक आयुष्यभर हसले. त्यांनी नाचायचं सोडलं?"

अट एकच घातली तिने: आर्विडला आधी कळव, भर सभेत पोराची मान खाली जायला नको. म्हणून हे पत्र. मंगळवारपर्यंत हे तिच्या लक्षात राहील का, देव जाणे. नाही राहिलं तर मंडळाची सभासद म्हणून मलाच उठून सांगावं लागेल, आणि ते मी सांगेनही. पण तिचं तिने सांगावं, ही तिची इच्छा आहे, आणि मलाही मनापासून तसंच वाटतं.

मघाशी कॉफी पिता पिता एकदम थांबली. म्हणाली, "आर्विड माझ्यावर ओरडेल का गं?"

मी "नाही" म्हणाले. "नक्की?" म्हणाली. मी म्हटलं, "नक्की. तो तुझ्या शेजारीच बसेल."

तुझ्या नावाने आईला शब्द देऊन बसलेली,
सिल्विया