काका थांबायला तयार नाहीत

ती. काकूंना,

पायांवर डोकं ठेवून नमस्कार. गुडघा कसा आहे? जिना उतरताना कठडा धरता ना? (धरत नाही हे मला ठाऊक आहे, पत्रात विचारायची रीत म्हणून विचारलं.) मी बरा आहे, म्हणजे जेवतो-खातो, फक्त गेले चार दिवस एका बशीकडे पाठ करून बसवत नाही.

काचेच्या कारखान्यात, भट्टीसमोर उष्म्यानं कोसळून काका गेले, त्याच्या वर्षभर आधी त्यांनी आमच्या प्रयोगशाळेला दंडाच्या कातडीचा तुकडा दिला होता, आठवतं? (हवी तर अख्खी पाठ सोला, म्हणून आमच्या मोठ्या बाईंना घाबरवलंही होतं.) त्या कातडीपासून आम्ही हृदयाच्या स्नायूंच्या पेशी तयार केल्या. बशीत त्या आपणहून धडधडतात. त्यातल्या एका बशीत आम्ही उष्णता सोसायचं बळ देणारं जनुक सोडलं. ते आत पोचलं की पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या चमकतात. मग जनुकवाली आणि बिनजनुकाची, दोन्ही बशा त्रेचाळीस अंशांवर तापवायच्या. बिनजनुकाची थांबेल, जनुकवाली तगेल, असा आमचा अंदाज.

त्याप्रमाणे एक थांबली, एक तगली. बाई इतक्या खूश, की त्यांनी मला चहा पाजला (अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि साखर विसरल्या). मग मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. हिरवी चमकत होती ती थांबलेली! नाव बशीच्या बुडावर लिहायचं, हे मी नव्या लोकांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवतो, आणि स्वतः मात्र झाकणांवर लिहिलं होतं. पेशींचं खाणं बदलताना झाकणांची अदलाबदल झाली. म्हणजे ज्यांना आम्ही काहीच दिलं नव्हतं, ते काका त्या उष्णतेत धडधडत राहिले. अजून धडधडतायत.

बाईंना खरं ते सांगितलं. दोन्ही टाक आणि पहिल्यापासून कर, म्हणाल्या. थांबलेली टाकली. दुसरीवर जंतुनाशक ओतायला बाटली तीनदा उचलली. काकू, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही. पण तिसऱ्यांदा मी "काका, माफ करा" म्हणालो आणि ठोके थबकले, कुणी कान देऊन ऐकावं तसे. बाटली खाली ठेवली, तर पुन्हा सुरू. मला भीती वाटली, आणि लपवत नाही, रडूही आलं.

बाकी इकडे सगळं ठीक. औषधं वेळेवर घ्या.

तुमचा पुतण्या

ता. क. खरं काम आता लिहितो. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली आहे आणि माझ्या हातून हे होणार नाही. काकांनी आयुष्यभर तुमच्याशिवाय कुणाचं ऐकलं नाही. एकदा येऊन जाल का? "पुरे आता, दमलात," एवढंच म्हणायचं.

ता. क. दुसरा : तुम्ही येणार आहात, असं मी बशीजवळ उगाच बोलून गेलो. तेव्हापासून ठोके वाढलेत.